उदी भाषा: बोलणारे कोण, आवाज कसे काढायचे आणि मराठी जीभ कुठे अडखळते

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉकेशसमध्ये उदी नावाची एक छोटी भाषा आहे आणि तिच्यात ‘मी’, ‘तो’ दाखवणारा तुकडा थेट क्रियापदाच्या पोटात शिरतो, असं वाचनात आलं. ही भाषा नेमकं कोण बोलतं, तिचे उच्चार मराठी माणसाला जमतील का, आणि अभ्यासाची सुरुवात कुठून करावी?

आधी नावाचा घोळ मिटवू. इथली उदी म्हणजे शिर्डीची उदी नव्हे. रशियातली उदमुर्त किंवा उदेगे या भाषांशीही तिचं नातं नाही. पुढे ‘अल्बेनियन’ हा शब्द येईल तेव्हा बाल्कनमधला अल्बेनिया डोळ्यांपुढे आणू नका. तो वेगळा देश आणि वेगळी भाषा. उदी बोलणारे स्वतःच्या भाषेला उदीन मुज़ म्हणतात. मुज़ म्हणजे जीभ, आणि भाषाही.

ही ईशान्य कॉकेशियन कुळातली, लेझ्गी शाखेची भाषा आहे. त्या शाखेतून ती फार लवकर फुटून निघाली, म्हणून लेझ्गी किंवा ताबासरान शिकलेल्यालाही उदी परकी वाटते. मुख्य गाव निज, अझरबैजानच्या गबाला जिल्ह्यातलं, थोरल्या कॉकेशस पर्वताच्या दक्षिण पायथ्याचं. दुसरं ठिकाण जवळचंच ओगूज. १९९१ पर्यंत त्याचं नाव वार्ताशेन होतं आणि भाषेच्या अभ्यासात आजही ‘वार्ताशेनी’ हाच शब्द चालतो. तिसरं गाव जॉर्जियात, काखेती प्रांतातलं झिनोबियानी. १९२२ मध्ये वार्ताशेन सोडून आलेल्या कुटुंबांनी ते वसवलं. सोव्हिएत काळात त्याला ओक्तोम्बेरी म्हणत, त्यामुळे जुन्या लेखांत तेच नाव सापडेल. दोन्ही नावं एकाच गावाची आहेत हे लक्षात न आल्यामुळे ‘चार बोली’ मोजणारेही भेटतात. प्रत्यक्षात बोली दोनच: निजची, आणि वार्ताशेन-झिनोबियानीची.

लोकसंख्येचे आकडे वापरताना जपून. अझरबैजानच्या २००९ च्या जनगणनेत सुमारे ३,८०० उदी नोंदले गेले, रशियाच्या २०१० च्या जनगणनेत ४,२६७, जॉर्जियात २०१४ मध्ये १७४. हे आकडे स्वतःला उदी म्हणवणाऱ्यांचे आहेत, भाषा बोलणाऱ्यांचे नव्हेत. रशियातली कुटुंबं रोस्तोव, क्रास्नोदार, व्होल्गोग्राद अशा भागांत विखुरलेली आहेत, आणि विखुरलेल्या घरांत मुलं रशियनकडे वळतात. वार्ताशेनमधून १९८८-८९ च्या काराबाख तणावात (आर्मेनियन आणि अझरबैजानी यांच्यातल्या वादात) बहुतेक उदी कुटुंबं बाहेर पडली. त्यामुळे गल्लीत, बाजारात, शाळेच्या वाटेवर भाषा कानावर पडेल असं मोठं गाव आज एकच उरलं आहे, ते निज. माझं स्पष्ट मत आहे की नव्याने शिकणाऱ्याने निजची बोली धरावी. अडचण अशी की जुनं छापील साहित्य बहुतेक वार्ताशेनीतलं आहे. १९०२ साली तिफ्लिसमध्ये (आजचं त्बिलिसी) छापलेलं चार शुभवर्तमानांचं बेझानोवकृत भाषांतर वार्ताशेनीतच आहे. पुस्तकातून एक बोली आणि कानातून दुसरी अशी खिचडी होते, आणि ती झाली आहे हे शिकणाऱ्याच्या लवकर लक्षात येत नाही.

एखादं ध्वनिमुद्रण कुठल्या बोलीतलं आहे हे ओळखायची सोपी खूण आहे. ‘ते (अनेकजण)’ दाखवणारा तुकडा ऐका. वार्ताशेनीत तो क़ु’न असतो, निजच्या बोलीत तु’न. दोन-तीन वाक्यांत तो हमखास येतो.

आता आवाजांकडे. त्याआधी या उत्तरातलं लेखन कसं वाचायचं ते सांगतो. अक्षरानंतरचा अपॉस्ट्रॉफी (’) म्हणजे ते व्यंजन कंठ बंद ठेवून काढायचं. व्यंजनाला मात्रा असेल तर खूण मात्रेनंतर येते, पण ती व्यंजनाचीच समजायची. क़ म्हणजे पडजिभेपाशी काढलेला क. ख़ आणि ग़ उर्दूतल्या ख़बर आणि ग़ज़लमधले. ज़ म्हणजे उर्दू ‘ज़रा’मधला घर्षणाचा आवाज. च़ म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला च. झ़ म्हणजे ‘श’ म्हणताना कंठ घुमवला की जो निघतो तो. स्वरानंतरचा विसर्ग इथे ‘ह’ दाखवत नाही, घसा आवळून काढलेला स्वर दाखवतो.

सर्वांत आधी स्पर्श व्यंजनांचा तिपेडी गोफ समजून घ्या. प-त-क या प्रत्येक जागी उदीत तीन व्यंजनं आहेत: घोष (ब, द, ग), साधं अघोष, आणि कंठ बंद करून काढलेलं, म्हणजे कंठरोधी, अघोष. रशियन किंवा इंग्रजी पार्श्वभूमीच्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक महिनाभर कळत नाही. मराठी माणसाला तो पहिल्या दिवशी निम्मा कळतो. कारण उदीचं ‘साधं’ अघोष व्यंजन हवेचा झोत सोडतं, म्हणजे ते आपल्या थ, ख यांच्या दिशेला झुकतं. आणि तिसरं व्यंजन झोत सोडत नाही, म्हणजे आपल्या त, क च्या बाजूचं. निजमधल्या बऱ्याच बोलणाऱ्यांत तर कंठाची ती झटक इतकी सौम्य झाली आहे की ते व्यंजन ताठ, अल्पप्राण असंच ऐकू येतं. तिथे मराठी ‘क’ जरा घट्ट म्हटला की काम भागतं.

पण याच सोयीत मोठी चूक लपलेली आहे. रोमन लिप्यंतरात साधा ‘के’ दिसला की मराठी डोळा तो ‘क’ वाचतो आणि अल्पप्राण उच्चारतो. उदी ऐकणाऱ्याला तो नेमका तिसऱ्या प्रकारचा वाटतो. खूण नसलेल्या अक्षराला थोडी हवा द्यायची, खूण असलेल्याला अजिबात नाही, हा नियम सुरुवातीलाच अंगी मुरवावा. हवा मात्र बेताची असावी. आपल्या ‘खांब’मधल्या ख इतकी दिली तर ते ख़ च्या जवळ जातं, आणि ख़ हे उदीत स्वतंत्र व्यंजन आहे: ख़े म्हणजे पाणी, ख़ोद म्हणजे झाड.

वार्ताशेनीतला किंवा जुन्या पिढीतला खरा कंठरोधी उच्चार हवा असेल तर सराव असा करा. पाण्याने भरलेली घागर उचलताना आपण क्षणभर दम धरतो. त्या वेळी छातीतली हवा जिथे अडते तेच कंठद्वार. तसा दम धरा. तो न सोडता जिभेची मागची बाजू क च्या जागी टेकवा. आता तोंडात, जीभ आणि कंठद्वार यांच्यामध्ये, हवेची एक छोटी बंद पुडी तयार झाली. कंठमण्यावर बोट ठेवा आणि गिळायच्या आधी तो वर सरकतो तसा वर ढकला. पुडीतली हवा दाबली जाते. मग आधी जीभ सोडा, ‘टक्’ असा कोरडा आवाज येईल. त्यानंतर क्षणभराने कंठ उघडा आणि स्वर म्हणा. शेवटच्या दोन पायऱ्यांचा क्रम उलटला की साधा क निघतो.

तपासणी दोन प्रकारे होते. श्वास पूर्ण बाहेर सोडून, छाती रिकामी ठेवून, क’ क’ क’ असं दहा वेळा म्हणून बघा. या व्यंजनाला फुप्फुसाची हवा लागतच नाही, म्हणून ते जमलं पाहिजे. साधा क किंवा ख अशा वेळी निघणार नाही. दुसरं, तळहात ओठांसमोर चार बोटांवर धरून को’झ़ म्हणा. को’झ़ म्हणजे घर. पहिल्या व्यंजनाला तळहातावर उबदार हवा लागली तर कंठ वेळेआधी उघडला.

या सरावात तीन चुका नेहमी होतात. पहिली, द्वित्त: ‘पक्का’मधला क्क काढला जातो. तो लांब असतो पण कंठ उघडाच राहतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला तो म्हणताच येत नाही. दुसरी, हवा आत ओढणं: सिंधीतल्या ॿ सारखा किंवा चुटकीसारखा आवाज येतो, कंठमणी वर जाण्याऐवजी खाली गेला की असं होतं, म्हणून बोट तिथेच ठेवावं. तिसरी, शब्दाच्या शेवटी कंठरोधी व्यंजन आलं की पाठीमागे ‘अ’ जोडणं. बिप’ म्हणजे चार, विच़’ म्हणजे दहा. दोन्ही तिथेच थांबले पाहिजेत, ‘बिप’अ’ होता कामा नये.

पडजिभेच्या क़ साठी जीभ आपल्या क पेक्षा मागे न्यायची. गुळणी करताना पाणी जिथे खळखळतं, तिथे पूर्ण अडथळा करायचा. मराठवाड्यातल्या आणि हैदराबादकडच्या ज्यांच्या कानावर दखनी आहे त्यांनी इथे विशेष सावध राहावं. दखनीत क़लम चा ख़लम होतो, क़ ची जागा सर्रास ख़ घेतो. उदीत क़ आणि ख़ ही दोन वेगळी व्यंजनं आहेत आणि क़ चा कंठरोधी जोडीदार क़’ तिसराच. क़ो म्हणजे पाच, क़ा’ म्हणजे वीस. फरक पुसला तर ऐकणारा अडखळतो.

मराठीचा खरा फायदा च-वर्गात आहे. चमचा आणि चहा, जग आणि जिरं यांतले दोन च आणि दोन ज आपण लहानपणापासून वेगळे काढतो, फक्त लिहिताना एकच अक्षर वापरतो. उदीतही दातांमागचा आणि टाळूचा असे दोन्ही वर्ग आहेत, प्रत्येकात कंठरोधी जोडीदारासह. त्यामुळे विच़’ मधला च़ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, फक्त त्याला कंठ जोडायचा. हिंदीभाषकाला याच ठिकाणी घाम फुटतो.

तोटा श-वर्गात. उदीत टाळूपाशी काढायच्या श, झ़, च, ज यांचे दोन संच आहेत, एक सैल आणि एक ताठ, लांबलेला. आपण लिहिताना श आणि ष वेगळे ठेवतो पण बोलताना बहुतेकजण एकच म्हणतो, त्यामुळे ‘श सारखे दोन आवाज’ म्हटलं की कान ते एकत्र करायला टपलेलाच असतो. इथे वर्णन वाचून काही होत नाही. एकाच बोलणाऱ्याचे दोन्ही प्रकारचे शब्द कापून शेजारी लावावेत आणि रोज पाच मिनिटं डोळे मिटून ओळखावेत. ऐकून ओळखता येत नाही तोवर उच्चारायचा हट्ट धरू नये.

घशातून काढायचे स्वर हा उदीचा सर्वांत खासगी भाग. अ, इ, उ, ए, ओ या प्रत्येकाला घसा आवळून म्हटलेला जोडीदार आहे. सात म्हणजे वुःग़, आठ म्हणजे मुःग़. करायचं काय, तर जिभेचं मूळ मागे, घशाच्या भिंतीकडे ओढायचं, वैद्य ‘आ करा’ म्हणत चमचा मागे दाबतात तेव्हा जसं आक्रसतं तसं, आणि त्या अवस्थेत स्वर म्हणायचा. आवाज किंचित दाबलेला, किंचित अनुनासिक वाटेल, पण नाक बंद ठेवूनही तो तसाच राहिला पाहिजे. नाक चिमटीत धरल्यावर आवाज बदलला तर तुम्ही घशाऐवजी नाक वापरताय. मराठी सवयीमुळे होणारी दुसरी चूक म्हणजे स्वर खरखरीत करणं, म्हणजे स्वरयंत्र दाबणं. आवळायचं ते स्वरयंत्राच्या वर, जिभेच्या मुळाशी.

निजमध्ये शतकानुशतकं अझरबैजानी शेजाराला आहे. त्या प्रभावाने तिथे बॅटमधल्या ‘अ‍ॅ’सारखा स्वर आणि ओठ गोल करून म्हटलेले ‘ए’ आणि ‘इ’ रुळले आहेत. काही उसन्या शब्दांत आले, काही जुन्या घसास्वरांच्या जागी. म्हणून तोच शब्द वार्ताशेनी नोंदीत घसास्वराने आणि निजच्या नोंदीत ‘अ‍ॅ’ने लिहिलेला दिसला तर एक चूक आणि दुसरं बरोबर असं समजू नका. गोल ‘इ’ मराठीत नाही. ओठ ‘ऊ’साठी काढा, तसेच ठेवा आणि आतून ‘ई’ म्हणा. आरशात ओठ पसरले तर पुन्हा सुरू करा.

मोजणी वीस-वीसची आहे. साठ म्हणजे ‘तीन विसा’ अशीच रचना. कोकणात नारळ, आंबे कोडीने मोजताना ऐकलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

आता क्रियापदाच्या पोटात शिरणारा तुकडा. यासाठीच उदी भाषाशास्त्रात गाजली. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलिस हॅरिस यांनी २००२ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, कारण शब्दाच्या आतड्यात दुसरा शब्द शिरू शकत नाही असं तोवर बरेच सिद्धान्त गृहीत धरत होते. समजायला मराठीतूनच सुरुवात करू. आपला ‘च’ घ्या. त्याला स्वतःचा आघात नाही, तो शेजाऱ्याला चिकटतो आणि जिथे जोर द्यायचा तिथे जातो: मीच पत्र घेतलं, मी पत्रच घेतलं, मी पत्र घेतलंच. अशा तुकड्याला क्लिटिक म्हणतात. उदीत कर्त्याचा पुरुष दाखवणारे तुकडे असेच फिरते आहेत: ज़ू किंवा नुसता ज़ ‘मी’साठी, ने ‘तो/ती’साठी, यान ‘आम्ही’साठी. वाक्यात ज्यावर भर आहे त्याला ते चिकटतात. प्रश्नार्थक शब्द असेल तर त्याला, नकार असेल तर नकार दाखवणाऱ्या ‘ते’ या शब्दाला.

आणि भर कशावरच नसेल, तर ते क्रियापदात शिरतात. आक़’ म्हणजे घे. ‘मी ते पत्र घेतलं’ हे वार्ताशेनीत असं:

काग़ुज़ाख़ आज़क़े’

काग़ुज़ हा आपलाच कागद, दोघांकडेही फारसीतून आलेला. त्याला लागलेला आख़ म्हणजे निश्चित कर्माची विभक्ती. आपण ‘मुलाला पाहिलं’ म्हणताना ठरावीक कर्माला ला लावतो त्या जातीची. पुढचा शब्द सोडवा: आ-ज़-क़’-ए. आ आणि क़’ मिळून धातू, मध्ये ज़ म्हणजे मी, शेवटचा ए भूतकाळाचा. ‘त्याने घेतलं’ म्हणजे आ-ने-क़’-ए. धातूच्या आ ला स्वतंत्र अर्थ नाही, क़’ ला नाही. एकाच अखंड धातूचे दोन तुकडे करून मध्ये ‘मी’ बसला आहे. तसंच बेग़ म्हणजे बघ. ‘तो बघतो’ म्हणजे बे-ने-ग़-सा. नियम काटेकोर आहे: एकसंध धातूत हा तुकडा शेवटच्या व्यंजनाच्या लगेच आधी बसतो. धातू जोड असेल, म्हणजे ‘काम कर’ अशा घडणीचा, तर तो सांध्यात बसतो: आश म्हणजे काम, ब म्हणजे कर, आणि आश-ने-ब-सा म्हणजे ‘तो काम करतो’.

नकार आला की धातू पुन्हा सांधला जातो. बेनेग़सा चं नकारार्थी रूप तेने बेग़सा. ने बाहेर पडून ते ला चिकटला, बेग़ अखंड झाला. हे दोन वाक्प्रकार जोडीने पाठ करा, तक्त्यातून नव्हे. तक्ता बघून बोलणारा प्रत्येक वेळी धातू फोडतो आणि ‘ते’ असतानाही आत ‘ने’ ठेवतो. ती शिकणाऱ्यांची सर्वांत ठळक चूक. उलट बाजूची चूकही दिसते: काही रूपांत, वार्ताशेनीतल्या भविष्यकाळाच्या एका प्रकारात, तुकडा शेवटीच जातो, ते बघून सगळीकडे शेवटी लावला जातो.

बाकी व्याकरणात मराठी माणसाला घरच्यासारखं वाटणारं बरंच आहे. सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला वेगळी विभक्ती लागते: नाना म्हणजे आई, कर्ता झाली की नानान. (हा शब्द आपल्याकडच्या नानांशी जोडू नका.) आपण ‘ने’ फक्त भूतकाळासारख्या रूपांत लावतो, उदीत ती कुठल्याही काळात लागते. पण ‘मी’ आणि ‘तू’ यांना आपल्याकडे ‘ने’ लागत नाही, मी खाल्लं, तू खाल्लंस. उदीतही ज़ू आणि उन ही रूपं कर्ता असताना बदलत नाहीत. वार्ताशेनीत दिसणं, माहीत असणं, हवं असणं यांचा कर्ता चतुर्थीत येतो, ‘मला दिसतं’, ‘मला हवं’ असा. निजमध्ये ही रचना मागे पडली आहे. लिंग मात्र नाही. लेझ्गी शाखेतल्या बऱ्याच भाषांत नामांचे वर्ग क्रियापदावर दिसतात, उदीने ते टाकले. ‘तो आला, ती आली’ असा भेद शोधू नका.

इतिहासाचं एवढं वजन या छोट्या भाषेवर का, तर कॉकेशियन अल्बेनियामुळे. आजच्या अझरबैजानच्या भागात प्राचीन काळी हे राज्य होतं. पाचव्या शतकात तिथल्या भाषेला स्वतःची लिपी मिळाली अशी आर्मेनियन परंपरेची नोंद होती, पण अक्षरं कोणी पाहिली नव्हती. १९३७ मध्ये जॉर्जियन अभ्यासक इलिया अबुलाद्झे यांना एका आर्मेनियन हस्तलिखितात त्या लिपीची अक्षरयादी सापडली, ५२ अक्षरांची. पुढे अझरबैजानमधल्या मिंगेचेविरच्या उत्खननात थोडे कोरीव लेख निघाले. पण सलग मजकूर नव्हता. तो सापडला इजिप्तमधल्या सिनाई पर्वतावरच्या सेंट कॅथरिन मठात. १९७५ मध्ये तिथे एक विसरलेली खोली उघडकीला आली. तिच्यातल्या जॉर्जियन पोथ्या तपासताना १९९६ मध्ये झाझा अलेक्सिद्झे यांना जॉर्जियन ओळींखाली खरवडून पुसलेली अल्बेनियन अक्षरं दिसली. चामड्याची पानं महाग, म्हणून जुनी शाई खरवडून नवं लिहिलं गेलं होतं. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रं घेऊन खालचा मजकूर वाचला गेला: चर्चमध्ये वाचायचे उतारे आणि योहानाचं शुभवर्तमान. योस्ट गिपर्ट, वोल्फगांग शुल्झे, अलेक्सिद्झे आणि ज्याँ-पिएर माहे यांनी २००८ पासून ते छापलं.

मजकूर वाचता आला तो उदीच्या आधाराने. तिथेही ‘मी’साठी ज़ू आहे. ‘आम्ही’साठी तिथे झ़ान, आज यान. ५२ अक्षरं कशाला, हाही प्रश्न सुटतो: तिपेडी व्यंजनं, पडजिभेचे आवाज, घसास्वर या सगळ्यांना जागा हवी. तरी ‘उदी म्हणजेच अल्बेनियन’ असं सरसकट म्हणू नये. आजची उदी त्या लिखित भाषेची थेट मुलगी आहे की तिच्या सख्ख्या बहिणीची, यावर तज्ज्ञांत बारीक फरक आहे. जवळचं नातं मात्र वादातीत.

त्या जुन्या लिपीत आज कोणी दैनंदिन व्यवहार करत नाही. १९३४ मध्ये सुखुमीत लॅटिन लिपीतलं प्राथमिक पुस्तक निघालं. १९७४ मध्ये बाकूत वोरोशिल गुकास्यान यांचा उदी-अझरबैजानी-रशियन कोश आला, सिरिलिक अक्षरांत. १९९६ मध्ये निजच्या शाळेसाठी ‘ते’ति’र’ हे पहिलं पुस्तक छापलं गेलं, पुन्हा लॅटिनमध्ये, अझरबैजानी वळणाच्या. या लिपीत कंठरोधी व्यंजनासाठी साध्या अक्षरानंतर बिनटिंबाचा ‘आय’ जोडतात. तो स्वर समजून ‘तिएतिइर’ असं वाचणारे बरेच असतात. तसंच अझरबैजानीत ‘क्यू’ या अक्षराचा उच्चार ‘ग’ आहे, म्हणून गबाला. पण भाषाशास्त्राच्या लेखनात तेच अक्षर पडजिभेचा क़ दाखवतं. कुठल्याही पानावर आधी लेखनपद्धती कोणती ते ठरवा, मग तोंड उघडा.

शेवटी ज्यांना स्वतः नोंद करायची आहे त्यांच्यासाठी. ध्वनिमुद्रण वाव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. एमपी३ नको, कारण दाबलेल्या फाइलमध्ये नेमके च़, श यांचे वरचे तरंग आणि स्फोटाचा क्षण बिघडतो. माइक ओठांपासून वीतभर, समोर नव्हे, तोंडाच्या कोपऱ्याच्या बाजूला. समोर ठेवला तर महाप्राणाची हवा त्यावर आदळून फट्ट आवाज येतो आणि महाप्राण-कंठरोधी हा फरकच नासतो. भिंती उघड्या असलेली खोली टाळा, गाद्या-गोधड्या असलेली निवडा. प्रत्येक शब्द एकाच ठरावीक वाक्यात बसवून तीनदा म्हणून घ्या. सुटा म्हटलेला शब्द माणूस जरुरीपेक्षा स्पष्ट म्हणतो, आणि यादीतला शेवटचा शब्द उतरत्या सुरात जातो. म्हणून यादीच्या दोन्ही टोकांना कामाचे नसलेले शब्द ठेवा.

आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्राट या मोफत प्रणालीत मुद्रण उघडल्यावर कंठरोधी व्यंजन असं दिसतं: स्फोटाची उभी रेघ, मग क्षणभर जवळजवळ शांतता, मग स्वर एकदम सुरू. महाप्राणात स्फोट आणि स्वर यांच्यामध्ये शांततेऐवजी करडा धूसर पट्टा असतो. निजच्या मुद्रणात ती शांतता अगदी अरुंद असेल किंवा नसेल. तेव्हा ‘इथे कंठरोधी नाही’ अशी घाईची नोंद न करता धूसर पट्टाही नाही ना, ते पाहा. घसास्वरात पहिला फॉर्मंट (चित्रात गडद पट्ट्यासारखा दिसणारा स्वराचा अनुनाद) वर सरकतो आणि तिसरा खाली येतो. मोजताना फॉर्मंटची कमाल मर्यादा बाईच्या आवाजाला ५,५०० आणि पुरुषाच्या आवाजाला ५,००० हर्ट्झ ठेवा. ती न बदलता सगळ्या फाइली एका झटक्यात मोजल्या तर बाई-पुरुषांतला फरकच घसास्वराचा फरक म्हणून आकड्यांत येतो.

फाइलच्या नावात गाव, बोलणाऱ्याचा वयोगट, आणि ती व्यक्ती कुठे वाढली हे लिहा. रोस्तोवमध्ये राहणाऱ्या आजींची भाषा वार्ताशेनी असू शकते आणि त्यांच्या शेजारणीची निजची. आणि शब्दयाद्या संपल्या की शेतातलं काम, घरातलं भांडण अशा विषयांवर अर्धा तास मोकळं बोलू द्या. ने, ज़, तु’न हे तुकडे यादीत हलत नाहीत. नकार, प्रश्न आणि जोर असलेल्या बोलण्यातच ते एका शब्दातून दुसऱ्यात जाताना सापडतात.